गोव्यात रस्त्यावर बेकायदा शर्यत लावणाऱ्यांची गाडी पोलिसांनी शिक्षा म्हणून जप्त करावी का? दंड पुरेसा नाही का?

तुम्ही प्रश्नात गोव्याचं नाव घेतलंय, म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर देतो. गाडी त्याच रात्री, त्याच जागेवरून उचलावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र ती किती दिवस ठेवायची, कुठे ठेवायची आणि कोणत्या कलमाखाली, हे सगळं कायद्यात लिहिलेलं हवं. ते अंमलदाराच्या मर्जीवर नको. गाडी कायमची काढून घ्यायची असेल, तर तो अधिकार फक्त न्यायालयाचा. आज आपल्या कायद्यात शर्यतीसाठी अशी तरतूदच नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मी म्हापशाला राहतो. वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून १९ वर्षं काम करतोय. अपघात झाला की नुकसान किती, ते कशामुळे झालं, हे बघून अहवाल द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे गाड्या मला दोनच ठिकाणी भेटतात: गॅरेजमध्ये नाहीतर पोलीस स्थानकाच्या आवारात. तुम्ही असं आवार आतून पाहिलं नसेल तर सांगतो. पावसाळा संपता संपता गवत दारांपर्यंत आलेलं असतं. ब्रेकच्या डिस्क खाऱ्या हवेनं तांबड्या झालेल्या, बॅटरी मेलेली, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. काचेवर खडूनं लिहिलेला गुन्ह्याचा नंबर पावसात पुसट होत गेलेला. जप्तीबद्दल माझं जे काही मत आहे ते या आवारांत उभं राहूनच झालंय.

चारेक वर्षांपूर्वी एका गाडीच्या सर्व्हेसाठी असाच गेलो होतो. उत्तर गोव्यातला चौपदरी रस्ता, रात्री अडीचचा सुमार. दोन गाड्या शेजारी शेजारी सुटलेल्या, मागे तिसऱ्या गाडीतून मोबाईलवर चित्रीकरण चाललेलं. पुढे एक स्कूटर होती. जत्रेतला दशावतार बघून घरी परतणारा माणूस. त्याची मांडी मोडली, खुबा मोडला, पण जिवानिशी वाचला. गाडीची स्प्रिंग कापून ती खाली बसवली होती, सायलेन्सर बदललेला होता, एअरबॅग फुटलेल्या. तिच्या शेजारीच ती स्कूटर उभी करून ठेवलेली. पुढच्या हुकाला जत्रेतल्या खाज्याची पिशवी तशीच लटकत होती.

गाडी चालवणारा मुलगा वडिलांबरोबर आला होता. वय २२-२३. मी फोटो काढत असताना त्यानं मला तीनदा एकच गोष्ट विचारली, "अंकल, गाडी किती दिवस ठेवतील?" दंडाबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. स्कूटरवाल्याबद्दलही नाही. वडील मात्र थोड्या वेळानं बाजूला येऊन म्हणाले, "दंड किती ते सांगा हो, भरून टाकतो." त्या दोघांच्या या दोन वाक्यांत मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. दंड वडील भरतात. गाडी जाते ती मुलाची.

आता दंड किती ते बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत लावणं किंवा लावू देणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्याला दंड होता ५०० रुपयांपर्यंत. दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. गोव्यात हे वाढीव दंड एप्रिल २०२२ पासून लागू झाले. कागदावर कैद आहे, पण वाहतुकीच्या अशा गुन्ह्यात कुणी खरोखर तुरुंगात गेल्याचं माझ्या ओळखीत तरी एकही उदाहरण नाही. उरतात ते पाच हजार. जो मुलगा सायलेन्सर, चाकं आणि टायर यांवर लाखभर घालतो, त्याच्या हिशेबात पाच हजार म्हणजे त्या रात्रीचं तिकीट.

"रात्री दोनला रस्ता रिकामा असतो, आम्ही कुणाला त्रास देतो?" हे मी या मुलांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. त्यांच्यातली काही चांगल्या घरची, अभ्यासात हुशार, यंत्राची खरी जाण असलेली मुलं आहेत, आणि हे वाक्य ती मनापासून बोलतात. म्हणून याच्यावर जरा थांबतो.

गोव्यात रात्री रस्ता रिकामा नसतो. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत कार्तिकापासून शिमग्यापर्यंत कुठे ना कुठे जत्रा असते, कालो म्हणजे दशावतारी नाटकाची रात्र असते. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटे संपतं. घरची माणसं तीन-चार वाजता स्कूटरवर परततात. पुढे झोपाळलेलं पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर पेडण्याच्या रस्त्यांवर टॅक्सीवाल्यांची रात्रभर ये-जा असते. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत भांडी घासणारी, पोळ्या लाटणारी माणसं एक-दीडला सुटतात आणि दिवा नसलेल्या सायकलवरून खोलीवर जातात. आणि उजाडायच्या आधी पोदेर म्हणजे पाववाला निघतो, मागे पावांची पाटी बांधून. या सगळ्यांना तो रस्ता दिवसाइतकाच लागतो.

गुरांचं तर वेगळंच. पावसाळ्यात कुरणं चिखलानं भरली की मोकाट गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण तेवढीच जागा कोरडी आणि थोडी उबदार. ६० च्या वेगात काळी गाय दिसायला उशीर होतो. १४० मध्ये ती दिसतच नाही. मी अशा गाड्यांचे सर्व्हे केलेत. बॉनेट घडी पडल्यासारखं आत गेलेलं, काचेत केस अडकलेले.

आणि रस्ते बदललेत, हेही मान्य करायला हवं. १९८३ चा जुना झुआरी पूल अरुंद होता. त्यावर शर्यत लावायची म्हटलं तरी जमलं नसतं. त्याच्या शेजारचा नवा आठपदरी पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि वर्षभरानं पूर्ण खुला झाला. पत्रादेवीपासून खाली येणारा महामार्ग चौपदरी झाला. धारगळहून मोपाला जाणारा सहापदरी रस्ता झाला. आमच्या पिढीनं ज्या वळणावळणांच्या रस्त्यांवर गाडी शिकली, तिथे वेगाला रस्ताच आवर घालत होता. आता आवर घालणारं दुसरं काहीतरी लागणार.

कायद्याकडे येतो. गाडी ताब्यात घेण्याचा पोलिसांचा नेहमीचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. लायसन्स नाही, वय बसत नाही, नोंदणी नाही, परमिट नाही किंवा परमिटच्या अटी मोडल्या, अशा ठरावीक कारणांसाठी ते कलम आहे. त्या यादीत शर्यत नाही. कलम २०६ मध्ये २०१९ साली जे पोटकलम घातलं त्यात शर्यत आहे, पण तिथे जप्त होतं ते लायसन्स: पोलिसांनी ते ताब्यात घेऊन निलंबनासाठी परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं. म्हणजे कायद्यानं मुलाच्या खिशातलं कार्ड घेतलं आणि किल्ली त्याच्या हातात तशीच ठेवली. कार्डाशिवाय गाडी चालते, हे त्यालाही ठाऊक असतं.

मग रात्री पकडलेल्या गाड्या पोलीस स्थानकात येतात कशा? बहुतेक वेळा बेदरकार गाडी हाकल्याचा गुन्हा नोंदवून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, गुन्ह्याशी संबंधित वस्तू म्हणून. पण ते कलम तपासासाठी आहे, धडा शिकवण्यासाठी नाही. गाडी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करून सुटते, आणि सुटावीच. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की जप्त गाड्या पोलीस स्थानकात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. योग्य हमी घेऊन त्या सोडाव्यात. आवारातल्या गाड्यांची कुजणी पाहिलेला कुणीही या निकालाला विरोध करणार नाही. मीही करत नाही.

म्हणून कुणी सोशल मीडियावर "पोलिसांनी गाडी जप्त करून चांगली अद्दल घडवली" असं लिहितो तेव्हा मला धास्ती वाटते. पोलिसांनी अद्दल घडवायची नसते. संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ मध्ये कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असं लिहिलंय. आज शर्यतवाल्याची गाडी कायद्यात नसलेल्या कारणानं अडवून ठेवली आणि आपण टाळ्या वाजवल्या, तर उद्या एखाद्या पायलटची, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याची, मोटारसायकल तशीच अडवून ठेवतील. त्याची रोजची भाकरी त्या दुचाकीवर असते, आणि त्याच्याकडे वकील नसतो. मुदत लिहिलेली नसली की "बघू, उद्या या" सुरू होतं. उद्या या, परवा या, साहेब बाहेर गेलेत. त्यात कोणाची गाडी लवकर सुटते हे मी लिहायला नको.

कायद्यानं हे करता येतं याचा पुरावा आपल्याच कायद्यात आहे. कलम १९९-अ बघा. अल्पवयीन मुलानं गाडी घेऊन गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि त्या गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. म्हणजे गाडीवर हात टाकल्याशिवाय घर जागं होत नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळलेलं आहे. मग १७ वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला जे लागू, ते १८ पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ण नाहीसं का व्हावं?

बाहेरच्या देशांत हे कसं केलंय ते मी थोडं वाचलंय. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २००७ पासून शर्यत किंवा तशी स्टंटबाजी करताना सापडलं की गाडी तिथल्या तिथे सात दिवस जमा होत असे. २०२१ मध्ये ते १४ दिवस केले, आणि लायसन्स ३० दिवस बंद. न्यूझीलंडनं २००३ मध्ये २८ दिवसांची जप्ती आणली. दिवस ठरलेले. कुणाचा मुलगा आहे, कुणाचा फोन आला, यानं फरक पडत नाही. मला हेच हवंय. न्यूझीलंडनं पुढे २००९ मध्ये वारंवार सापडणाऱ्यांची गाडी चिरडण्याचा कायदाही केला. तो बातम्यांत खूप गाजला, पण प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या चिरडल्या गेल्या. तसलं काही आपल्याकडे नको. धडधाकट यंत्र चिरडण्यात मला नुसता राग दिसतो.

आता गोव्यातला सगळ्यात अवघड भाग: गाडी कुणाची?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. ती रेंट-अ-कार. पर्यटक ती दोन-तीन दिवसांसाठी घेतो, मित्राच्या गाडीशी शर्यत लावतो, नाहीतर किनाऱ्यावर वाळूत नेऊन घालतो, आणि परतीच्या विमानात बसतो. गाडी मात्र इथल्या माणसाची. बार्देशातला माझ्या ओळखीचा एक जण आहे. बँकेचं कर्ज काढून एकच थार घेतलेली. ऐन डिसेंबरात ती पर्यटकांच्या कृत्यानं जमा झाली. हप्ता थांबत नाही. तो मला म्हणाला, "काका, मी त्या रात्री घरी झोपलो होतो. माझा गुन्हा कोणता?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

युरोपात या प्रश्नावर दोन देश दोन वाटांनी गेलेत. डेन्मार्कनं २०२१ मध्ये असा कायदा केला की बेभान वेगानं हाकलेली गाडी सरकारजमा होणार, मग ती चालकाची असो वा दुसऱ्याची. त्याच वर्षी एका माणसानं जर्मनीत लॅम्बोर्गिनी विकत घेतली, ती नॉर्वेला नेताना डेन्मार्कमध्ये तो ताशी २३६ किलोमीटरला सापडला, आणि काही तासांपूर्वी घेतलेली गाडी गेली. ऑस्ट्रियानं मार्च २०२४ पासून जप्ती आणि लिलावाचा कायदा आणला, पण तिथे गाडी दुसऱ्याच्या मालकीची असेल तर तिचा लिलाव होत नाही. त्या चालकाला ती गाडी पुन्हा कधीही चालवायची बंदी होते. गोव्यासाठी मला ऑस्ट्रियाची वाट बरोबर वाटते. रेंट-अ-कार असेल तर ती रात्रीपुरती थांबवावी, सकाळी मालकाला द्यावी, आणि बुडालेले दिवस, टोचन, दंड हे सगळं चालकाकडून वसूल व्हावं, तेही तो राज्याबाहेर जायच्या आत. पण याची दुसरी बाजूही आहे. जो मालक लायसन्स न बघता गाडी देतो, किंवा तीच गाडी दुसऱ्यांदा शर्यतीत सापडूनही तशीच भाड्यानं देत राहतो, त्याला ही सवलत नको. आणि ज्याचे वडील म्हणतात, "गाडी माझ्या नावावर आहे, मुलाच्या नाही", त्यांनाही नको. कलम १८९ मध्ये शर्यत "लावू देणं" हाही गुन्हा आहे, ते शब्द यांच्यासाठीच आहेत.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती या मुलांना कुणी सांगत नाही. खासगी गाडीच्या विम्यात लिहिलेलं असतं की आयोजित शर्यत, वेगाची चाचणी अशा कामांसाठी वापर केल्यास संरक्षण नाही. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर नाकारला जाऊ शकतोच. समोरच्या माणसाची भरपाई द्यायची वेळ येते तेव्हाही मोटार वाहन कायद्याचं कलम १५० विमा कंपनीला हा बचाव घेऊ देतं. न्यायाधिकरण बरेचदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. मांडी मोडलेल्या माणसाची आयुष्यभराची कमाई किती, हा हिशेब मग लाखांत नाही तर कधी कधी कोटीत जातो, आणि तो वडिलांच्या घरादारावर येतो. स्टार्ट लाइनवर उभ्या असलेल्या किती मुलांना हे माहीत असेल? १४ दिवसांच्या जप्तीत निदान घरात हा विषय तरी निघेल.

दोन गाड्या एकमेकींच्या पुढे गेल्या म्हणजे शर्यतच, असं धरता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. जोरात जाणं वेगळं आणि शर्यत वेगळी. म्हणून गाडी उचलताना पुरावा हवा: वेग मोजणाऱ्या यंत्राची नोंद, कॅमेऱ्याचं चित्रण. बऱ्याचदा ही मुलंच तो पुरावा रील म्हणून स्वतः टाकतात. आणि उचललेल्या गाडीच्या मालकाला ४८ तासांत अपिलाची सोय हवी. चुकून उचलली असेल तर टोचनचा खर्च सरकारनं द्यावा. वेग आवडणं हा गुन्हा नाही. चेन्नईत २०२४ मध्ये रीतसर परवानगीनं, कुंपणं घालून शहरात रात्रीची शर्यत झाली. गोव्यात मुलांसाठी कुठेतरी साधी, सुरक्षित धावपट्टी झाली तर मला आनंदच होईल. पण ती होईपर्यंत जत्रेहून परतणाऱ्या माणसानं वाट बघत बसायचं का?

थोडक्यात, मला कायद्यात हवंय ते एवढंच: शर्यतीत सापडलेली गाडी पहिल्या वेळी १४ दिवस, दुसऱ्या वेळी जास्त, छप्पर असलेल्या जागेत, आवारातल्या गवतात नाही, तिसऱ्यांदा सापडली तर सरकारजमा करायची की नाही हे न्यायालयानं ठरवायचं. ६ ऑगस्ट २०२३ ला बाणस्तारीच्या पुलावर मर्सिडीजनं तिघांचे जीव घेतले तेव्हा सगळा गोवा पेटून उठला होता. ती शर्यत नव्हती, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप होता. पण तेव्हापासून मला एकच टोचतंय. माणूस मेल्यावर गाडी पुरावा म्हणून लगेच ताब्यात घेता येते. मरायच्या आधी का येऊ नये?

आणि त्याच कायद्यात अजून एक ओळ हवी. अपघातात सापडलेल्या निरपराध माणसाची गाडीही तपासणीसाठी त्याच आवारात येते, आणि ती सोडवायला त्यानंच फेऱ्या मारायच्या असतात. मी सांगितलेल्या प्रकरणात मोठी गाडी अकराव्या दिवशी वकिलाच्या अर्जावर बाहेर पडली. स्कूटरचा मालक बांबोळीला इस्पितळात होता. त्याच्यासाठी धावणारं कुणी नव्हतं. ती तपासणी झाल्या झाल्या, कुणी न मागता, त्याच्या घरी पोचायला हवी होती. पाच महिन्यांनी मी दुसऱ्याच एका कामासाठी तिथे गेलो, तेव्हा त्याचा भाऊ ती ढकलत फाटकाबाहेर नेत होता. पुढचं चाक वाकडं, दोन्ही टायर बसलेले. हुकाला पिशवी अजून होती, आत मुंग्यांनी पोखरलेला खाज्याचा चुरा.